शेगावच्या पुढे

अकोल्याच्या डॉक्टरबाईंकडे मी पहिल्यांदा एकटीनं गेले तो दिवस गुरुवार होता, हे मला नांदुऱ्याच्या फलाटावर पोचल्यावर लक्षात आलं. गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरला शेगावच्या दर्शनाची गर्दी असते. डब्यात एका म्हाताऱ्या बाईनं पाय आवरून मला जागा करून दिली.

"बस व माय. शेगावलेच ना?"

मी मान हलवली. खोटं बोलायचं असं काही मनात नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर मग कुठं, कशाला, कोणाकडे, हे सगळं आलं असतं, आणि तेवढ्या प्रश्नांना पुरेल एवढं बळ त्या दिवशी अंगात नव्हतं. जलंब मागे पडेपर्यंत तिनं आपल्या सगळ्या नातवंडांची माहिती सांगून टाकली. शेगाव आलं तसा अख्खा डबा उठला. ती दारापर्यंत जाऊन वळली.

"काऊन व, उतरत नाई?"

"मला अकोल्याला जायचंय."

"मंग मघा हो काऊन म्हनलं?"

मी काही बोलायच्या आत मागच्या माणसांच्या रेट्यानं ती खाली उतरली. गाडी हलली तेव्हा डब्यात मी होते, पलीकडे झोपलेला एक माणूस होता आणि बाकांखाली शेंगांची टरफलं होती. पंखे उगाच फिरत होते. आपण मूल होत नाही म्हणून दवाखान्यात चाललोय, हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा मनातल्या मनात सबंध म्हटलं. तोपर्यंत ते नेहमी अर्धंच सोडत आले होते.

माझं माहेर मेहकर तालुक्यातलं, हिवरा आश्रमाच्या जवळ. तिथली बोली जालन्याकडे झुकणारी, म्हणून सासरी "मले"च्या जागी मी "मला" म्हटलं की सुरुवातीला सगळे हसायचे. नवऱ्याचं नांदुऱ्यात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी तो खोलतो, तांब्याची तार नव्यानं गुंडाळतो. मी एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. घरात सासू, मोठे दीर, जाऊ आणि त्यांची लहान मुलगी. खाऊनपिऊन सुखी घर, भांडणतंटा नाही. त्यामुळे आपल्याला काय होतंय ते कोणाला सांगावं हे आणखीच अवघड.

सासू वाईट बाई नाही. त्या मला एकदाही टाकून बोलल्या नाहीत. थंडीत डिंकाचे लाडू करायच्या आणि त्यातले जास्तीचे माझ्या डब्यात घालायच्या. पण आमच्या घरी पाळी आली की देवघरात जायचं नाही, आणि संध्याकाळचा दिवा लावायचं काम माझ्याकडे. त्यामुळे दर महिन्याला, ज्या दिवशी मी दिव्याची वेळ झाली तरी स्वयंपाकघरातच थांबायचे, त्या दिवशी सगळ्या घराला कळायचं. दीर पेपर वाचत असायचे, जाऊ मुलीचा अभ्यास घेत असायची. सासू गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या आणि दिवा लावून यायच्या. कोणी माझ्याकडे बघायचं नाही. ते न बघणं मला आजही आठवतं.

डॉक्टरबाई साठीच्या आसपासच्या होत्या. त्यांनी मी काय करते ते विचारलं, विज्ञान शिकवते म्हटल्यावर खूश झाल्या.

"मग तुम्हाला फार समजवावं लागणार नाही. सांगा बरं, तुमचं बीज साधारण कधी बाहेर पडतं?"

मला संप्रेरकांची नावं पाठ होती. फळ्यावर आकृती मी डोळे मिटून काढली असती. पण हा प्रश्न माझ्या स्वतःबद्दल होता, आणि माझ्या तोंडून आईचं आणि सासूचं उत्तर निघालं. "पाळी संपल्यावर लगेच."

त्या हसल्या नाहीत. कागद पालटून त्यांनी एक लांब रेघ ओढली. माझी पाळी उशिरा येणारी, म्हणजे बीजही उशिरा तयार होणारं. ते बाहेर पडल्यावर जेमतेम एखादा दिवस टिकतं. पुरुषाचं बीज मात्र आत काही दिवस वाट बघू शकतं. पुढच्या पाळीपासून मागे साधारण दोन आठवडे मोजायचे, पुढून नाही. त्या सांगत होत्या आणि मला कळत होतं की आम्ही इतके महिने ज्या दिवसांवर आशा ठेवली ते दिवसच चुकीचे होते. परतीच्या गाडीत मला हसू आलं. खरंच वाटलं, एवढंच होतं होय! आता सुटलं.

त्याच हिवाळ्यात शाळेत प्रजननाचा धडा आला. आधीच्या वर्षांत मी तो "घरी वाचून या" म्हणून सोडून द्यायचे, बहुतेक शाळांत तसंच होतं. त्या वर्षी मी आकृती काढून पूर्ण शिकवला. मुलं खाली बघून खिदळली, मग थांबली. तास संपताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, लेकरू नाई झालं त चूक बाईचीच राह्यते काय?"

"चूक कोणाचीच नसते. कारण असतं," मी म्हटलं. "कधी बाईच्या शरीरात असतं, कधी पुरुषाच्या, कधी दोघांच्या."

ती बसली. तिच्या घरात कोण होतं, कोणासाठी विचारत होती, ते मी विचारलं नाही. मी दिलेल्या उत्तरात आणखी एक वाक्य असायला हवं होतं, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

दिवस बरोबर मोजूनही काही झालं नाही, तेव्हा तपासण्या सुरू झाल्या. रक्त, सोनोग्राफी, मग नळ्यांमध्ये औषध सोडून काढायचा तो एक्स-रे, ज्यात मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं वळेनात. नवऱ्याची तपासणी बाकी होती. तो आज-उद्या करत राहिला. रब्बीचं पाणी चालू आहे, लोकांच्या मोटरी अडल्या आहेत, हे खरंही होतं. मग एका सकाळी त्यानं स्वतःच दुकान बंद ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्याबरोबर गाडीत बसला. दवाखान्यातल्या त्या छोट्या खोलीतून बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, आणि माझ्याकडे न बघता तो सरळ खाली पाणी प्यायला निघून गेला.

त्याचं सगळं व्यवस्थित निघालं. माझंही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. तपासण्यांत काहीच दिसत नाही. कारण नाही असं नाही, आम्हाला ते सापडत नाही एवढंच."

वर्गात त्या मुलीला दिलेल्या उत्तरात राहून गेलेलं वाक्य हेच होतं. लोकांना वाटतं ही चांगली बातमी. मलाही आधी वाटलं. पण कारण सापडलं असतं तर त्याला नाव असतं, ते सांगता आलं असतं, त्याच्यावर चिडता आलं असतं. हे काहीच नव्हतं. परतीच्या गाडीत शेगावला दर्शन घेतलेली माणसं चढली, डबा भरला, आणि त्या गर्दीत नवरा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मोटरचं बी असं होते कधी. कॉइल बरोबर, बेअरिंग बरोबर, लाइन बरोबर. तरी पानी उचलत नाई. काऊन, ते समजत नाई."

"मी मोटर नाही," मी म्हटलं.

त्याला मला धीर द्यायचा होता, हे तेव्हाही कळत होतं. त्याच्याकडे तेवढेच शब्द होते. पण त्यानंतर तो दवाखान्याबद्दल बोलेनासाच झाला आणि मी एकटी जाऊ लागले.

बीज किती वाढलंय ते बघायला एक दिवसाआड जावं लागे. शाळेत मी दातांचं काम चालू आहे असं सांगितलं होतं. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "मॅडम, तुमाले दात तरी किती हायेत!" सगळे हसले, मीही हसले.

त्याच दिवसांत एक बाई मला दवाखान्याच्या बाकावर भेटली. माझ्यापेक्षा लहान, काळा बुरखा, मांडीवर स्टीलचा डबा. माझ्याकडे टक लावून बघत होती.

"तुमी नांदुऱ्याहून चढल्या ना? म्या पाह्यलं तुमाले. समदे शेगावले उतरले आन् तुमी नाई उतरल्या. म्या समजली, ह्या आपल्यातल्याच हायेत."

ती रोहिणखेडची. पहाटे बसनं नांदुऱ्याला यायची आणि तिथून गाडी धरायची. नवऱ्याचं ग्रिल-वेल्डिंगचं काम. सासूनं एका दर्ग्यातला दोरा दंडाला बांधून दिला होता, तो सोनोग्राफीच्या वेळी ती बाहीखाली सरकवायची. योगायोगानं आमच्या तारखा जुळत होत्या, म्हणून आम्ही बरोबर जाऊ लागलो. शेगावपर्यंत आम्ही गुमान बसायचो. गाडी तिथून सुटली की ती नकाब वर करायची, चपला काढायची आणि पाय पसरायची.

"चला ताई, आता डबा आपला."

नागझरी, पारस, गायगाव. तेवढ्या वेळात आम्ही जे बोललो ते मी कोणाशीच बोलले नव्हते. इंजेक्शननं पोट कसं फुगतं. नवऱ्याला "आज" असं सांगायची लाज कशी वाटते, आणि न सांगून चालत नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत छाती दुखली की आशा वाटते, आणि पाळी येणार असली तरी ती तशीच दुखते. एकदा ती म्हणाली, "ताई, म्या त बाथरूममदी जायालेच भेतो." मला एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, कारण मीही भीत होते. तिच्या डब्यातल्या खिम्याच्या वासानं माझं तोंड वळायचं आणि माझ्या थालीपिठाला ती "कोरडं कोरडं" म्हणून नाक मुरडायची, तरी दोन खायची.

दरम्यान घरात जाऊला मुलगा झाला. मी आनंदानं पेढे वाटले, तो आनंद खोटा नव्हता. पण मी बाळंतिणीच्या खोलीत गेले की जाऊ बाळावर दुपटं ओढून घ्यायची. "आत्ताच झोपला हो." सासू मागून म्हणायच्या, "तू स्वयंपाकाचं पाहाय, बाळाले मी पाहातो." कोणी मला धर म्हटलं नाही, आणि मीही मागितलं नाही. बाळ रांगायला लागल्यावर स्वतःच माझ्या पायाशी येऊन बसलं, तोवर मी त्याला हात लावला नव्हता.

मग एका महिन्यात माझे दिवस वर गेले. मी तपासणीची पट्टी आणली नाही, हिंमत झाली नाही. संध्याकाळी दिवा लावायला रोज वेळेवर उठत होते आणि सासूचे डोळे माझ्या पाठीवर आहेत हे कळत होतं. बाहेर मी फक्त रोहिणखेडच्या मैत्रिणीला सांगितलं, फोनवर, कुजबुजत. ती पलीकडून इतक्या जोरात "या अल्ला!" म्हणाली की मी फोन कानापासून दूर केला. त्यानंतरच्या सोमवारी शाळेत प्रार्थनेला उभी असताना ओटीपोटात ती ओळखीची कळ आली. मुलं गात होती. प्रार्थना संपेपर्यंत हलता येत नव्हतं. मी हात जोडून उभी राहिले आणि कळ वाढत गेली.

"होते ताई," मी फोनवर सांगितल्यावर ती म्हणाली. "ह्या महिन्यात आपन दोघीबी पुन्हा जाऊ."

पण त्या महिन्यात ती फलाटावर दिसली नाही. बस चुकली असेल म्हणून मी दारातच उभी राहिले, गाडी सुटेपर्यंत. शेगावला डबा रिकामा झाला. मी खिडकीशी बसले. पारसच्या विजेच्या कारखान्याच्या चिमण्या दिसायला लागल्या आणि तेव्हा मला समजलं. दवाखान्यात न येण्याचं चांगलं कारण एकच असतं.

मी फोन केला, तिनं उचलला नाही. दोन दिवसांनी तिचा निरोप आला, सासूची तब्येत बरी नाही म्हणून. पुढच्या महिन्यात नवऱ्याचं काम. मग निरोपही थांबले. मला लागू नये म्हणून ती लपवत होती, हे मला कळत होतं. जाऊनं दुपटं ओढलं तेव्हा मी मनातल्या मनात तिच्यावर चिडू शकले होते. हिच्यावर चिडताही येईना. नवऱ्यानं आधीच येऊन ठेवून दिलेलं बीज आत सोडायला नर्सनं पिचकारी भरून आणली, डॉक्टरबाईंनी पाय सैल सोडायला सांगितले, मी छताकडे बघत पडून राहिले, आणि हे सगळं ज्या एका माणसाला सांगितलं असतं त्याच माणसाला आता सांगता येणार नव्हतं. परतीच्या गाडीत मी चपला काढल्या नाहीत. सरळ बसून आले.

असे कितीतरी महिने गेले. थंडी पडली, बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि एका दुपारी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

"ताई, पोरगी झाली."

मी अभिनंदन म्हटलं.

"म्या तुमाले सांगतलं नाई. तोंडच नव्हतं मले. वाटलं, तुमी रडसान."

"रडले मी."

"मालूम होतं मले," ती म्हणाली आणि तीच रडायला लागली. "या ना ताई पाह्यले. याच."

रविवारी मी रोहिणखेडच्या बसमध्ये बसले. पिशवीत एक लहान झबलं होतं. बसभर वाटत होतं, परत फिरावं. जुन्या मशिदीच्या दगडी भिंतीपाशी तिचा नवरा मला घ्यायला उभा होता, एकदाही मान वर न करता तो पुढे चालत राहिला. घरात तिची सासू बाजेवर बाळाशेजारी बसलेली. माझ्याकडे तिनं जे पाहिलं ते पाहणं मला जाऊच्या बाळंतिणीच्या खोलीतून ओळखीचं होतं. मी दारातच चप्पल काढायला जास्त वेळ लावला.

माझी मैत्रीण उठली, बाळ उचललं आणि सरळ माझ्या हातात दिलं.

"धरा. मान सांभाळा. म्या चाय मांडतो."

"मी येते ना आत," मी म्हटलं.

"कायले? बसा तुमी. अम्मी, तुमीबी या, शक्कर कुठं ठेवली ते सापडून नाई राह्यली."

सासू क्षणभर थांबली, मग उठली. दोघी आत गेल्या. आतून तिचा आवाज येत होता, मुद्दाम मोठा केलेला: "ह्या पोरीसाठी गाडीत ह्या माह्याबरोबर जेवढ्या रडल्या ना अम्मी, तेवढ्या तुमीबी नाई रडल्या."

बाळ झोपलेलं होतं. कपाळाच्या कडेला काजळाचा ठिपका, केसांना तेलाचा वास. मला भीती होती की असं काही हातात आलं की मी मोडून पडेन. तसं झालं नाही. तिचं वजन माझ्या कोपरात बसलं आणि माझे खांदे आपोआप खाली आले. चहाला त्यांनी हवा त्यापेक्षा बराच जास्त वेळ लावला. तेवढ्यात मी तिच्याशी काही बोलले. ते मी कोणाला सांगितलेलं नाही, इथंही लिहीत नाही.

परत आले तेव्हा नवरा बसस्टँडवर मोटरसायकल घेऊन थांबला होता. घरी जाताना रेल्वे फाटक बंद लागलं. मालगाडी येत होती, लांबलचक. त्यानं इंजिन बंद केलं.

"कशी हाये पोरगी?"

"छान आहे." मग मी म्हटलं, "मला आता अकोल्याला नाही जायचं. कायमचं नाही म्हणत. पण आता नाही."

डॉक्टरबाईंनी पुढचा मोठा उपचार, टेस्ट ट्यूबचा, सुचवला होता. त्याबद्दल आम्ही एकदाही नीट बोललो नव्हतो. मला वाटलं तो विचारेल, मग आईला काय सांगायचं. त्यानं आरशातून माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला, दिसलं नाही तसं मान वळवली.

"तुले एकटं वाटते काय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मालगाडी आमच्यासमोरून जायला लागली होती. मी मोठ्यानं "हो" म्हटलं, कारण हळू म्हटलेलं ऐकू गेलं नसतं.

"मलेबी वाटते," तो म्हणाला. "दुकानात दिवसभर मानसं राह्यते. तरी बी."

एवढं सांगायला त्याला तो आवाज हवा होता की काय, कोण जाणे. फाटक उघडलं तेव्हा मागून हॉर्न वाजायला लागले आणि त्याला किक मारायला दोनदा जमलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रस्त्यात, लोकांसमोर, मी तसं कधी केलं नव्हतं.

अजून आम्हाला मूल नाही. पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही, आणि ठरवायची घाई आम्ही सध्या सोडून दिली आहे. मला वाईट वाटायचं थांबलेलं नाही. बारशाचं बोलावणं आलं की अजून मी आधी दुसरंच काही काम घेऊन बसते, मग साडी काढते. फरक एवढाच की शाळेला सुट्टी असली की तो आता दुपारी डबा न नेता जेवायला घरी येतो. हात कितीही धुतले तरी त्याच्या बोटांना वार्निशचा वास असतो. आम्ही समोरासमोर बसून जेवतो. कधी तो काही विचारतो, कधी मी. आणि बरेचदा तो भाजी आणखी मागून घेतो.